मेघदूत, टू बाय टू

सहल सकाळी सहाला निघणार होती. ती साडेआठला निघाली, आणि मधल्या अडीच तासांत बसनं जे काही अंतर कापलं ते सगळं नागपुरातल्या नागपुरात. प्रतापनगर, धरमपेठ, बर्डी, महाल, सक्करदरा अशा पाच ठिकाणी अडतीस माणसं भरायची होती. वाटेत झिरो माइलचा खांब तीनदा दिसला. एकदा जाताना. एकदा धरमपेठच्या वहिनींची बीपीची गोळी घरी राहिली म्हणून परतताना. आणि एकदा ती गोळी पर्सच्याच आतल्या कप्प्यात सापडली तेव्हा.

या खांबावर आम्हा नागपूरकरांचा फार जीव. १९०७ साली इंग्रजांच्या सर्वेक्षणवाल्यांनी मोजमापाच्या सोयीसाठी तो उभारला, शेजारी चार घोडे आले, आणि तेव्हापासून आम्ही देशाच्या मध्यावर राहतो. पुढं फाळणी झाली, नकाशा बदलला, मध्य म्हणे सरकून कटनी जिल्ह्यातल्या करौंदी गावाकडं गेला. आम्ही मात्र जागचे हललो नाही. हा मध्याचा सोस बसमध्ये फार जाचक होतो. पुढची सीट नको, कारण न जाणो ठोकली तर. मागची नको, कारण खड्डे. चाकावरची तर नकोच नको. अडतीसही जणांना मधलीच सीट पाहिजे होती. टू बाय टू बसमध्ये कितीही ओढूनताणून मोजलं तरी वीसच्या वर मध्य निघत नाहीत. उरलेल्या अठरा जणांचं तोंड जे वाकडं झालं, ते पाचव्या दिवशी घरी पोचेपर्यंत सरळ झालं नाही.

“पण डिसेंबरातच का निघायचं?” पुण्याहून आलेल्या जावयांनी विचारलं. हे धरमपेठच्या वहिनींचे जावई. सासूबाईंना सोबत म्हणून आले होते आणि पहिल्या तासातच आपल्याला सोबतीची गरज आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं. डिसेंबरात, जावईबापू, सरकार नागपूरला येतं. १९५३ च्या नागपूर कराराचं ते देणं आहे. महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी ग्रुप टूर म्हणजे आमचं हिवाळी अधिवेशन. मंडळी येतात, संत्री सोलतात, हुरडा खातात, ताडोब्यात वाघ बघतात, रात्री सावजीच्या रश्श्यानं घामाघूम होतात आणि निघता निघता विदर्भाच्या प्रश्नावर चर्चा करतात. ती शहरात शिरली की रस्त्यारस्त्यांवर कठडे लागतात आणि आम्ही गावाबाहेर पडतो. एका टूरनं दुसरीला जागा करून देणे, इतकाच त्यात विचार.

सामुदायिक सहलीत माणसाचं नाव राहत नाही, मोहल्ला राहतो. महालच्या काकू, सक्करदऱ्याचे भाऊ, प्रतापनगरचे आबा. भाऊंकडं खर्चाच्या वर्गणीची थैली होती. थैली म्हणजे कमरेला बांधायचा काळा पाऊच. तो त्यांनी पाच दिवसांत झोपेतही सोडला नाही. मॅनेजर म्हणून बसवाल्यानं एक पोरगा दिला होता. त्याला एकच वाक्य येत होतं: “पाच मिन्टात पोचून राहिलो.” तो हे कामठीलाही म्हणाला आणि जबलपूर दीडशे किलोमीटर असतानाही म्हणाला. शिवाय ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी प्लॅस्टिकच्या कागदात खर्रा घोटत बसलेला क्लीनर. अख्ख्या बसमध्ये मन लावून काम करणारा तेवढा एकच.

कन्हान ओलांडलं आणि मास्तरांनी माइक हातात घेतला. मास्तरांनी महालातल्या एका शाळेत चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं. समोर अडतीस माणसं बांधून बसवलेली आहेत, घंटा होण्याची शक्यता नाही, असा वर्ग त्यांना नोकरीत कधीच मिळाला नव्हता.

“आपण कोणत्या रस्त्यानं चाललो आहोत?” त्यांनी विचारलं.

“जबलपूर हायवे,” मॅनेजर म्हणाला.

“मेघदूताच्या,” मास्तर म्हणाले.

आणि हे, विचार केला तर, खरंच होतं. कालिदासाचा यक्ष वर्षभराच्या शिक्षेवर रामगिरीला येऊन पडला. रामगिरी म्हणजे आपलं रामटेक. नागपूरच्याच महामहोपाध्याय मिराशींनी ते साधार मांडलं आहे. तिथून त्यानं मेघाला उत्तरेकडं धाडलं: आधी आम्रकूट पर्वत, मग रेवा म्हणजे नर्मदा, पुढं विदिशा, उज्जयिनी आणि शेवटी थेट हिमालय. आता नीट पाहिलं तर पूर्वमेघ हे काव्य कमी आणि टूरचं पत्रक जास्त. कुठं थांबायचं, कुठं काय बघायचं, संध्याकाळची आरती कुठं गाठायची, कुठल्या गावच्या बायका बघण्यासारख्या, सगळं दिलेलं. उज्जयिनी वाटेवर नाही हे यक्षाला ठाऊक आहे. वळसा पडेल, पण चुकवू नको, असं तो मेघाला बजावतो. आमच्या मॅनेजरनंही असाच एक वळसा घ्यायला लावला, भेडाघाटच्या अलीकडं, दगडी मूर्तींच्या दुकानाकडं. फरक इतकाच की यक्षाला कमिशन नव्हतं.

मास्तरांनी पुढं जे सांगितलं त्यानं मात्र बसचा जन्म सार्थकी लागला. यक्ष मेघाला म्हणतो, दमलास की डोंगरावर टेक, रोडावलास की ओढ्याचं हलकं पाणी पी. मग आम्रकूटावर मेघ आपलं पाणी मोकळं करतो, हलका होतो आणि पुढची वाट भराभर चालतो.

बसमध्ये शांतता पसरली. साठीच्या पुढच्या अडतीस माणसांना एकाच वेळी काव्य कळलं.

तेव्हापासून ‘बाथरूमला थांबवा’ असं कोणी म्हटलं नाही. मागून काकूंचा आवाज यायचा, “मॅनेजर, आम्रकूट!” आणि ब्रेक लागायचा.

हे आम्रकूट मिळणं सोपं नसतं. मनसरच्या पुढं महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो आणि तिथं जनावरांसाठी नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतला आहे: गाड्या वरून, वाघ-चितळं खालून. कॅमेरे लावून बघितलं तर वाघ खरंच त्या खालच्या वाटेनं ये-जा करतात. देशात आदर्श मानतात ते काम, आणि आहेही तसंच. आबांनी ते सगळं ऐकून घेतलं. काकूंनीही ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, “वाघासाठी नऊ केले. बायांसाठी एक नाही करता आला?” मॅनेजर म्हणाला, पाच मिन्टात पोचून राहिलो.

पण मी पुढं गेलो. त्याआधी रामटेक.

राम इथं टेकला म्हणून रामटेक. त्या न्यायानं आमच्या वाटेवरच्या प्रत्येक पायरीचं नाव काही-ना-काही-टेक ठेवायला हरकत नव्हती. गडावर वाकाटकांच्या काळची देवळं आहेत. चंद्रगुप्त विक्रमादित्याची मुलगी प्रभावती वाकाटकांकडं सून म्हणून आली. त्यांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे पायथ्याजवळचं नगरधन. दिल्या घरी राज्य करणे हे तिनं अक्षरशः केलं. नवरा गेल्यावर लहान मुलाच्या नावानं कारभार चालवला आणि ताम्रपटांत माहेरची वंशावळ आधी घातली. ही शेवटची गोष्ट वहिनींनी जावयांकडं बघत दोनदा ऐकली.

आणि मग वराह. गडावर वराहाची मोठी दगडी मूर्ती आहे. तिच्या पोटाखालून जो सरपटत पार होतो तो पुण्यवान, जो अडकतो तो पापी, अशी समजूत. अशा परीक्षेला आपण होऊन बसणारी माणसं दोन प्रकारची, अतिशय पुण्यवान नाही तर अतिशय बारीक. जावई दोन्ही नव्हते, पण पुण्याचे होते. ते आधी बाजूनं वाकून जागेचा अंदाज घेत राहिले. काकूंनी साफ नकार दिला: “माझ्या पापाचा नाही हो, गुडघ्याचा प्रश्न आहे.” आबा म्हणाले, ऐंशीव्या वर्षी पाप करण्याची शक्ती राहिली नाही, आता शोधून काय उपयोग.

भाऊ शिरले. डोकं गेलं, खांदे गेले, आणि कमरेशी गाडी थांबली.

“भाऊ, अडकले का जी?”

“अडकलो नाही,” आतून आवाज आला. “दर्शन घेऊन राहिलो.”

दर्शन बराच वेळ चाललं. शेवटी क्लीनरनं हातातला खर्रा खिशात ठेवला आणि पाय धरून त्यांना मागं ओढलं. भाऊ उठले, गुडघे झटकले, म्हणाले, “पाऊचमुळे झालं.” ते खरंही होतं. पण सगळ्यांनी त्या पाऊचकडं बघितलं. आमचे सगळ्यांचे पैसे त्यात होते. देव कशावर बोट ठेवतो, हे ज्याचं त्यानं ओळखायचं.

पेंचला आम्ही मध्य प्रदेशच्या बाजूनं, तुरिया गेटनं गेलो. पहाटेची सफारी. अडतीस माणसं, सात जिप्स्या, आणि डिसेंबरातली थंडी अशी की कानटोप्या, मफलर, स्वेटर, त्यावर शाल, त्यावर हॉटेलातनं उचललेलं ब्लँकेट. अशा सात गाड्या ओळीनं येताना बघून वाघानं काय समजावं? चादरी विकणारे आले, दुसरं काय.

गाइड स्थानिक होता आणि कुजबुजत हिंदीत बोलायचा. एका वळणावर त्यानं हात वर केला. जंगल गप्प. लांबून एक भसाडा, ठसक्यासारखा आवाज. “सांभर!” गाइड पुटपुटला. “सांभर का कॉल!”

काकूंनी ताबडतोब डबा उघडला. “सांबार नुसतं नाही आणलं रे बाबा. सांबारवडी आहे. देऊ?”

आता हे पुण्याच्या माणसाला समजावून सांगायचं म्हणजे वेळ लागतो. आमच्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबारवडी म्हणजे बेसनाच्या पातळ पारीत सांबार, खोबरं, तीळ, खसखस ठासून भरून तळलेली वळकटी. तिच्यावर आमचा लोणार सरोवराइतकाच अभिमान. जावयांच्या मते सांबार इडलीबरोबर येतं. गाइडच्या मते ते शिंगं असलेलं हरीण होतं आणि त्या क्षणी त्याला वाघ दिसत होता. तिघांच्या मनात तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या, आणि तिघंही आपापल्या परीनं बरोबर होते. हा भाषिक घोळ निस्तरेपर्यंत कॉल थांबला. गाइडनं डबा बंद करायला लावला, पण वास कुठं बंद होतो? त्यानं गाडी वळवेपर्यंत स्वतः दोनदा मागं वळून बघितलं, आणि ते वाघासाठी नव्हतं.

वाघ दिसला तो चौथ्या जिप्सीला. तिच्यातल्या सहांपैकी पाच जणांनी थंडीनं तोंडावर ब्लँकेट ओढून घेतलं होतं. सहावे भाऊ होते. वाघ डावीकडून निघाला, रस्ता ओलांडला, मान वळवून बघितलं आणि गेला, असं भाऊंनी सांगितलं. फोटोही दाखवला, त्यात गवतासारखं काहीतरी पिवळं होतं, आणि ते गवतही असू शकलं असतं. मंडळात विषय चर्चेला आला. कालपर्यंत भाऊंचा शब्द चालला असता. पण कालच ते वराहाखाली अडकले होते. पाप्याच्या एकट्या साक्षीवर वाघ मान्य करता येत नाही, असा निर्णय झाला.

वाघ न दिसलेल्यांची समजूत काढायला गाइडकडं एक गोष्ट असते: कॉलरवाली वाघीण. पेंचची ही वाघीण जानेवारी २०२२ मध्ये गेली. गळ्यात रेडिओ कॉलर म्हणून ‘कॉलरवाली’. आयुष्यात आठ वेतांत तिनं २९ बछडे दिले. ती गेली तेव्हा गावकऱ्यांनी हात जोडून तिला निरोप दिला. गाइडनं ते इतक्या आपलेपणानं सांगितलं की जिप्सीत कोणी चुळबुळ केली नाही.

“आठ बाळंतपणं,” काकू हळूच म्हणाल्या, “आणि गळ्यात पट्टा.” मग वहिनींकडं बघून, “आपल्या आत्याबाईच की वं.”

पुढं शिवनी. हिंदीत सिवनी. याच जंगलावर रुडयार्ड किप्लिंगनं १८९४ साली ‘जंगल बुक’ लिहिलं, आणि गंमत अशी की तो कधी इथं आल्याचं दिसत नाही. जन्म मुंबईचा, नोकरी लाहोर-अलाहाबादेतली; शिवनीसाठी त्यानं आधार घेतला तो स्टर्नडेल नावाच्या साहेबाच्या १८७७ मधल्या पुस्तकाचा. म्हणजे जो आलाच नाही त्यानं मोगली, बघीरा, शेरखान सगळे लिहून ठेवले. आम्ही अडतीस जण येऊन, बघून, हॉटेलात आंघोळ करून आलो आणि कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं, “छान. थंडी आहे. गरम पाणी सात ते आठ.”

शिवनीपासून आबांचं सुरू झालं. आबांचे वडील जुन्या सचिवालयात होते. त्या वेळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, पुढं मध्य प्रदेशची राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली, राजधानी भोपाळला गेली, हायकोर्टाची खुर्ची जबलपूरला गेली आणि आम्ही मुंबईला जोडले गेलो. आबांचं म्हणणं की ही वाटणी नीट झालेलीच नाही. त्यामुळे खिडकीतून जे दिसेल ते आबा ओळखीनं बघत. “शिवनी आपलंच. लखनादौन आपलंच. ही नदी आपलीच होती.” माणूस विकलेल्या वाड्यासमोरून जाताना पडवीचे खांब मोजतो ना, तसं. टोलनाक्यावर त्यांनी खिडकी सरकवून विचारलं, “आपल्याच रस्त्याचा टोल कायले द्यायचा?” नाक्यावरच्या पोराचा जन्म बहुधा २००० नंतरचा. त्यानं फास्टॅग वाचला, दांडी वर केली.

जबलपूरला हॉटेलच्या जेवणात सगळ्यांनी एकमतानं खोट काढली. रश्श्याला तर्री नाही, भाजी गोडसर, पोळी जाड. वराहानंतर आमचं एवढं एकमत कशावरच झालं नव्हतं. खव्याची काळपट, रसरशीत जिलेबी मात्र आली आणि सगळे गप्प झाले. आबा म्हणाले, “ही आपलीच होती.” या वेळी कोणी हसलं नाही. ती गेली याचं खरंच वाईट वाटलं.

भेडाघाट. इथं मला विनोद सुचत नाही, आणि सुचवून घ्यायचाही नाही. नर्मदा संगमरवराच्या भिंतींमधून इतकी शांत जाते की नावेतली आमची मंडळीसुद्धा दोन मिनिटं बोलली नाहीत. पांढरा, पिवळसर, करडा, मध्येच निळा. दगडाला इतके रंग आहेत हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. एका जागी दोन्ही कडे इतके जवळ येतात की पूर्वी माकडं या कड्यावरून त्या कड्यावर उड्या मारायची, म्हणून ती बंदरकूदनी.

ती शांतता नावाड्यानं मोडली. भेडाघाटचा नावाडी गद्यात बोलत नाही. वल्हं मारता मारता तो यमक जुळवत जातो. दगडात त्याला हत्ती दिसतो, मोटार दिसते, सासू-सून दिसतात, आणि दर चार ओळींना एक नटी येते. राज कपूरच्या ‘जिस देश में गंगा बहती है’चं शूटिंग इथलं, हे त्यानं अभिमानानं सांगितलं. जावयांनी लाइफ जॅकेटची दोरी आवळत शंका काढली, सिनेमा गंगेचा, मग नदी नर्मदा कशी? “मोठ्या बहिणीच्या नावावर धाकटीनं काम करायचं,” काकू म्हणाल्या, “यात नवीन काय आहे?”

आमच्यात परिक्रमेची पुस्तकं वाचून परिक्रमेला निघायच्या बेतात गेली दहा वर्षं असलेले तिघे होते. त्यांचा आग्रह की नाव निदान एकदा गोल फिरवावी, तेवढंच पुण्य. मास्तरांनी सांगितलं की परिक्रमावासी नर्मदा ओलांडत नाही. तिघांचे चेहरे पडले. मग एकाला सुचलं: आपण ओलांडली कुठं? मध्यापर्यंतच तर आलो! मध्याचा असा उपयोग पहिल्यांदाच झाला.

वरच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचं देऊळ आहे, कलचुरींच्या काळातलं, दहाव्या शतकाच्या आसपासचं. गोल प्रांगण, कडेनं योगिनींच्या मूर्ती, बऱ्याचशा भंगलेल्या आणि भंगूनही धाक वाटावा अशा. भाऊंनी सवयीनं मोजायला सुरुवात केली. हिशेबाचा माणूस. देवळ्या चौसष्ट नव्हत्या, एक्याऐंशी निघाल्या. नाव चौसष्टचं, जागा एक्याऐंशी. हे चूक नव्हे, तिथं खरंच तशा आहेत. पण भाऊ तिथंच उभे राहिले आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. देवाघरीसुद्धा आकडा जुळत नाही म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं असावं.

जबलपूरहून पचमढी म्हणजे दिवसभराचा रस्ता. करेलीचा गूळ सगळ्यांनी घेतला, गाडरवाड्याची तूरडाळ निम्म्यांनी. विदर्भातला माणूस तूरडाळ घ्यायला दुसऱ्या राज्यात का जातो, हे मला सांगता येणार नाही. पण दहा किलोची थैली पायांशी आली आणि वहिनींना पाय ठेवायला अखेर बरी जागा मिळाली. अंताक्षरी झाली. चार आम्रकूट झाले.

पचमढीला आपली बस उपयोगाची नाही, तिथं जिप्सी करावी लागते. गुहा, धबधबे, जटाशंकर, गुप्त महादेव. पायऱ्या उतरायच्या आणि मग आपण उतरलो होतो हे चढताना आठवायचं. वहिनींकडं काम करणाऱ्या बाई दर श्रावणात नागद्वारच्या यात्रेला इथं येतात. नागपंचमीच्या सुमाराला विदर्भातून हजारो माणसं येतात आणि पावसात, चिखलात, डोंगर चढून-उतरून नागदेवतेला जातात. त्या बाई सात वेळा जाऊन आल्या आहेत. “जीपनं कुठपर्यंत जाता येतं?” असं वहिनींनी निघण्याआधी त्यांनाच विचारलं होतं. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

संध्याकाळी धूपगड. साडेतेराशे मीटर, सातपुड्यातला सगळ्यात उंच माथा. सूर्यास्त बघायला दोनशे माणसं आणि तीनशे मोबाइल. सूर्य उतरत उतरत कड्याशी आला, सगळे हात वर गेले, आणि तेवढ्यात कुठून कोण जाणे, डिसेंबरात, स्वच्छ आकाशात, एक ढग येऊन बरोब्बर सूर्यापुढं उभा राहिला. हलेना.

माणसं हळहळली. कोणी म्हणालं पैसे वाया गेले. मास्तर मात्र टोपी काढून त्या ढगाकडं बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, “दक्षिणेकडं निघालाय. परतीचा दिसतो.”

परतीचा म्हणजे नागपूरकडं. ते सगळ्यांना एकदम कळलं.

“मग त्याला सांगा,” काकू म्हणाल्या, “जाता जाता महालात बघून जा, मी गॅस बंद केला आहे की नाही. चार दिवस झाले जीव लागत नाही.”

मग काय, रांगच लागली. वहिनींना कुंड्यांना पाणी घालायला सांगायचं होतं. आबांचा निरोप होता, वाटेत भोपाळला थांबून वाटणीचं विचार; मास्तरांनी सांगितलं की भोपाळ त्या दिशेला नाही. जावयांनी हळू आवाजात पुण्याच्या गाडीचं तिकीट कन्फर्म झालं का बघायला सांगितलं. विरह म्हणून जे काही आम्हाला जमतं ते एवढंच. सूर्य कधी बुडाला कोणी पाहिलं नाही. पुढं खाली उतरताना एकाच्या मोबाइलवर संदेश आला की क्लाउड भरला आहे, जागा करा.

परतीला तामिया आलं तेव्हा अंधार पडला होता. पाताळकोट तिथंच आहे. खोल दरी, तळाशी भारिया आदिवासींची गावं. मॅनेजरनं बस थांबवली, दार उघडलं आणि काळ्याकुट्ट अंधाराकडं बोट दाखवून सांगितलं, “पाताळकोट.” आम्ही सगळ्यांनी बघितला. दोघांनी फोटोही काढला.

छिंदवाड्यानंतर सगळी बस झोपली. सौंसरला चहासाठी थांबलो आणि टपरीवाला म्हणाला, “साखर कमी टाकू का काका?” मध्य प्रदेशातच होतो, पण मराठी आली होती, तीही आमचीच. आबा दचकून उठले, पण तेवढ्यात सावनेर आलं. ते खरंच आपलं असल्यामुळे त्यांना काही बोलता आलं नाही.

झिरो माइल रात्री दीडला दिसला. एकदाच. ज्याला आधी घेतलं त्याला आधी सोडायचं की शेवटी, यावर बसमध्ये दोन तट पडले होते. भाऊंनी तेवढ्यात दिवा लावायला सांगितला, पाऊच उघडला आणि उभं राहून हिशेब वाचला. पाच दिवस, पैसा न् पैसा. वडा किती, जिप्सी किती, नावाड्याला बक्षीस किती, आम्रकूटाच्या जागांवरचे पाच-पाच रुपये सुद्धा. शिल्लक तीनशे तेवीस. भागिले अडतीस, माणशी साडेआठ रुपये.

टाळ्या पडल्या. मास्तरही उभे राहिले.

“आता साडेआठ-साडेआठ सुट्टे कुठून आणू मी रात्रीचे?” भाऊ म्हणाले. “ठेवून घेतो. पुढच्या टूरचा ॲडव्हान्स समजा.”

पाऊचची चेन लागली. दिवा विझला. अंधारात मागून, बहुधा अठराव्या मध्यावरून, कोणीतरी अगदी हळू म्हणालं, “वराह.”